ओझे कुठे ठेवावे?

वाचकहो, नंदुरबारकडच्या एखाद्या जुन्या गाडीवानाला विचारून पाहा, "दादा, गाडी भरल्यावर आधी काय पाहता?" तो पोती मोजणार नाही, जू हाताने उचलून पाहील. जू आपोआप वर उडू लागले, तर गाडी उलाळ झाली. उचलता उचलेना, तर ती धुरजड. मग मागचे एखादे पोते पुढे, नाही तर पुढचे मागे. ओझे तेवढेच, बैलही तेच. पण वीतभर सरकलेल्या पोत्यावर बैलाच्या मानेचे सुखदुःख ठरते. तापीकाठी सारंगखेड्याच्या दत्तयात्रेला आपल्या वाडवडिलांनी गाड्या जुंपल्या, त्या याच हिशेबाने.

हाच हिशेब पुढे एका खेळण्यात शिरला, असे सांगितले तर तुम्ही हसाल. हे खेळणे म्हणजे बिनतारी लहरींनी दुरून हाकायची, हातभर लांबीची शर्यतीची मोटार. टेस्ला या संशोधकाने 1898 साली न्यूयॉर्कला एक छोटी होडी अशीच दुरून चालवून दाखवली होती. मोटारीची पाळी पुष्कळ उशिरा आली. 1966 साली इटलीतल्या एका कारखान्याने फेरारीची छोटी प्रतिकृती बाजारात आणली. 1976 मध्ये जपानच्या तामियाने विजेवर पळणारी पोर्शे काढली आणि हा खेळ घरोघरच्या पोरांच्या हाती गेला.

या मोटारीतले पोते म्हणजे तिची बॅटरी. सव्वा व्होल्टाच्या आतबाहेरचे सहा घट एकत्र बांधले, की सात व्होल्टांवर जोर मिळे. पण त्या जुडग्याचे वजन तीनशे ग्रॅमांच्या वर जाई. सगळी मोटार जेमतेम दीड किलोची! एवढे ओझे ठेवायचे कुठे?

मातीच्या मैदानावर ते मागे सारले, तर मागची चाके जमीन घट्ट धरतात आणि मोटार झेप घेते. पण पुढची चाके हलकी पडून वळण सुटते. ही झाली उलाळ गाडी. ओझे पुढे नेले, तर तोंड चटकन वळते, पण शेपूट घसरते. मधोमध ठेवले, तर? खांद्यावरची कावड आठवा. दोन्ही घागरी टोकांना असल्या, तर बोळात वळताना कावड लवकर वळत नाही, आणि वळली की लवकर थांबत नाही. त्याच घागरी खांद्याजवळ घ्या, गर्रकन वळाल. म्हणून पकड चांगली असलेल्या मैदानावर खेळाडू बॅटरी मध्याजवळ आणतात, आणि मोटार वळणावर कलंडू नये म्हणून तळाशी बसवतात.

पुढे लिथियमच्या हलक्या बॅटऱ्या आल्या. आता तरी कटकट मिटली ना? छे! स्पर्धेत किमान वजनाची अट असते. शिवाय एका बाजूची बॅटरी हलकी झाली, की मोटारीचा तोल दुसरीकडे जातो. तेव्हा खेळाडूंनी शिशा-पितळेचे तुकडे चिकटवून कमी झालेले वजन पुन्हा भरले. ओझे किती, यापेक्षा ते कुठे, हा प्रश्न मोठा ठरला.

खेळण्यात चूक झाली, तर फार तर शर्यत हरते. बॅटरी सरकवून पुन्हा पळवता येते. बैलाचे तसे नाही. शर्यतीच्या बैलांचा तंटा सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला: 2014 मध्ये बंदी आली, आणि 18 मे 2023 रोजी न्यायालयाने महाराष्ट्राचा नवा कायदा मान्य करून शर्यतींना अटींसह मोकळीक दिली. पण रोजच्या ओझ्याच्या बैलाचा न्याय कोण करणार? धुरजड गाडीने त्याची मान सोलवटते आणि तो बोलत नाही.

तेव्हा गाडी भरून झाली, की कासरा हाती घेण्याआधी एकदा जू उचलून पाहा. एवढे केले, तरी त्या मुक्या जनावराचा अर्धा भार उतरला म्हणून समजा.