गाभा-बिघाड, संगणक-प्रारंभातील

संगणक चालू केल्यावर परिचालन प्रणालीचा गाभा, म्हणजेच व्यवहारातील ‘कर्नल’, स्मृतीत उतरून कार्य सुरू करतानाच थांबणे, यास प्रारंभातील गाभा-बिघाड म्हणतात. सामान्य कार्यक्रम बिघडल्यास गाभा तो बंद करतो. गाभाच बिघडल्यास त्याला आवरणारे कोणी उरत नाही. या अवस्थेत चकती व जाळे बहुधा उपलब्ध झालेले नसल्याने दोषाची नोंदही मागे राहत नाही.

केन टॉम्पसन व डेनिस रिची यांनी १९६९ पासून बेल प्रयोगशाळेत घडविलेल्या युनिक्स प्रणालीत यासाठी ‘पॅनिक’ हा लहानसा उपकार्यक्रम होता. तो संदेश छापून यंत्र थांबवीत असे. चुकीची माहिती चकतीवर लिहिली जाण्यापेक्षा थांबणे बरे, हा विचार योग्यच होता. लिनक्समध्ये २००५ साली राखीव स्मृतीत दुसरा गाभा ठेवून मृत गाभ्याची स्मृती जतन करण्याची सोय आली. परंतु तो दुसरा गाभा पहिला गाभा सुरू झाल्यावरच ठेवता येतो. त्याआधीच्या बिघाडात दुसरा संगणक तारेने जोडून संदेश वाचणे हाच जुना मार्ग उरतो.

या बिघाडाचे सर्वांत व्यापक उदाहरण १९ जुलै २०२४ चे होय. क्राउडस्ट्राइक कंपनीने भारतीय वेळेनुसार सकाळी ९·३९ वाजता विंडोज संगणकांसाठी एक सुरक्षा-फाइल पाठविली. तीत २१ मूल्ये अपेक्षित होती. गाभ्यात चालणारा कार्यक्रम २० च पुरवीत होता. एकविसावे मूल्य शोधताना तो नेमून दिलेल्या स्मृतीबाहेर वाचू लागला आणि गाभा कोसळला. आधीच्या चाचण्यांत एकविसाव्या जागी ‘काहीही चालेल’ अशी खूण असल्याने दोष लपून राहिला होता. १०·५७ ला फाइल मागे घेण्यात आली, पण तोवर मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाप्रमाणे सु. ८५ लाख संगणक बाधित झाले. हा कार्यक्रम यंत्रासोबतच सुरू होत असल्याने अनेक यंत्रे प्रत्येक प्रारंभी पुन्हा कोसळत. मुंबई विमानतळावर काही कंपन्यांना प्रवाशांची नोंदणी हाताने करावी लागली. रिझर्व्ह बँकेच्या देखरेखीखालील मात्र दहाच वित्तसंस्थांत किरकोळ व्यत्यय आला, कारण बहुतेक बँकांच्या महत्त्वाच्या प्रणाली मेघसेवेवर नव्हत्या व हे साधन थोड्याच बँका वापरीत होत्या.

उपाय साधा होता : यंत्र सुरक्षित अवस्थेत सुरू करून ती एक फाइल पुसणे. परंतु जाळे जोडले जाण्यापूर्वीच कोसळणाऱ्या यंत्रास दूरून दुरुस्त करता येईना. तंत्रज्ञांना यंत्रायंत्रापाशी जावे लागले. चकती कूटबद्ध असल्यास ४८ अंकी किल्लीही लागे, आणि ती किल्ली काही ठिकाणी बंद पडलेल्या संगणकातच होती. पुढे कंपनीने मूल्यांची संख्या तपासण्याची सोय केली व अशा फाइली टप्प्याटप्प्याने पाठविण्यास प्रारंभ केला.