वस्तादाचा पगार : फिटनेस उद्योगाच्या अभ्यासाकडे

व्यायामावर मराठीत लिहिले गेले नाही, असे म्हणायची सोय नाही. बडोद्याच्या द. चिं. मुजुमदारांच्या संपादनाखाली १९३६ ते १९४९ या काळात व्यायाम ज्ञानकोशाचे दहा खंड निघाले. औंधच्या भवानराव पंतप्रतिनिधींनी सूर्यनमस्काराचा ध्यास घेतला, स्वामी कुवलयानंदांनी १९२४ पासून लोणावळ्याच्या कैवल्यधामात योगक्रिया प्रयोगशाळेत तपासायला सुरुवात केली. जोर कसे मारावेत, मल्लखांबावर पकड कशी हवी, खुराकात काय असावे, यावर पानेच्या पाने सापडतात. वस्तादाचे घर कशावर चालत होते, याबद्दल मात्र फारसे हाती लागत नाही.

हा संग्रह त्या प्रश्नापासून सुरू होतो. भारतातल्या फिटनेस उद्योगाबद्दल आज जे वाचायला मिळते ते बहुतेक बाजाराच्या भाषेत असते : किती जिम, किती सभासद, पुढच्या पाच वर्षांत किती पट वाढ. हे अंदाज एकमेकांशी जुळत नाहीत आणि जुळणारही नाहीत, कारण नोंदणी नसलेल्या, तळघरात किंवा गाळ्यात चालणाऱ्या जिमची शिरगणती कोणी केलेली नाही. आमचे म्हणणे एवढेच की या उद्योगाचे खरे भांडवल यंत्र नसून शिकवणारा माणूस आहे. आणि वाढीचा हिशेब त्याच्यापासून मांडला, तर संधी कुठे आहेत हेही वेगळे दिसते.

आधी थोडा इतिहास. तालमीला पैसा लागतच होता, पण तो आश्रयातून येई. कोल्हापुरात शाहू महाराजांनी मल्लांना पोसले, खासबागेचे मैदान १९१२ साली उभे राहिले. अमरावतीत वैद्य बंधूंनी १९१४ साली स्थापलेल्या संस्थेचे, म्हणजे आजच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचे, पथक १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी कबड्डीची प्रात्यक्षिके करून आले. संस्थाने विलीन झाल्यावर दरबारी आश्रय संपला. त्याची थोडीफार जागा पुढे सहकारी साखर कारखान्यांच्या मानधनाने घेतली. वस्तादाला मान होता, दूध-तुपाची सोय होती, रोख पगार क्वचितच होता. विद्येचे पैसे घेणे कमीपणाचे मानले जाई. ही मनोवृत्ती अजून पुरती गेलेली नाही. सल्ला फुकट हवा आणि पैसे यंत्राचे द्यायचे, असेच गिऱ्हाईक आजही वागते.

व्यायामशाळेचा व्यवसाय होऊ शकतो हे दाखवणाऱ्यांत तळवलकर हे नाव ठळक आहे. १९३२ साली विष्णू तळवलकरांनी लावलेल्या रोपाची पुढे साखळी झाली आणि २०१० साली ती शेअर बाजारात पोचली. २०१९ साली त्याच गटाची कर्जफेड थकली. वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याने या एका उदाहरणावर महिनाभर घालवावा, असे मला प्रामाणिकपणे वाटते. मराठी माणूस आणि धंदा हा जुना उसासा बाजूला ठेवून ताळेबंद वाचावा. या धंद्याची रचनाच अशी आहे की वर्षाची फी आधी घेतली जाते आणि सेवा पुढे बारा महिने द्यायची असते. जानेवारीत आलेला पैसा वस्तुतः देणे असतो, पण हातात पडल्यावर तो कमाई वाटतो आणि त्यातून दुसऱ्या शाखेची अनामत भरली जाते. भाडे, वीज आणि यंत्रांचे हप्ते मात्र दर महिन्याला येतात. त्यात आणखी एक गंमत : फी भरून न येणाऱ्यांच्या जोरावरच गणित बसते. सगळे सभासद एकदम संध्याकाळी सात वाजता हजर झाले, तर उभे राहायलाही जागा उरणार नाही.

करोनाने हे गणित उघडे पाडले. २०२० च्या मार्चमध्ये बंद झालेल्या जिम केंद्र सरकारच्या परवानगीनंतरही महाराष्ट्रात त्या वर्षीच्या दसऱ्यापर्यंत उघडल्या नाहीत. टाळे असतानाही भाडे चालूच होते. त्या काळात अनेक ट्रेनर मोबाइल समोर ठेवून घरातूनच बॅच घेऊ लागले, आणि आपले सभासद जिमचे नसून आपले आहेत, हे त्यांच्या लक्षात आले. माझ्या मते गेल्या काही वर्षांतली या क्षेत्रातली सर्वांत महत्त्वाची घटना तीच.

कारण फ्लोअर ट्रेनरचा पगार तुटपुंजा असतो; त्याची खरी कमाई पीटीवर, म्हणजे वैयक्तिक प्रशिक्षणावर, आणि त्या फीतला मोठा वाटा मालकाकडे जातो. मिखिएल बास यांचे ‘मस्क्युलर इंडिया’ (२०२०) हे पुस्तक या तरुणांच्या वर चढू पाहणाऱ्या आयुष्याबद्दल आहे. जोसेफ ऑल्टर यांनी बनारसच्या आखाड्यांवर लिहिलेला १९९२ चा ग्रंथ शेजारी ठेवून ते वाचावे. ऑल्टर यांच्या ग्रंथात शरीर हे व्रत आहे, बास यांच्या पुस्तकात ओळखपत्र. महाराष्ट्रातल्या ट्रेनरवर याच तोडीचे काम व्हायला हवे.

आता गरजेकडे. जागतिक आरोग्य संघटनेच्या संशोधकांनी २०२४ साली ‘लॅन्सेट ग्लोबल हेल्थ’मध्ये मांडलेल्या अंदाजानुसार भारतातल्या प्रौढांपैकी जवळपास निम्म्यांची हालचाल पुरेशी नव्हती, २००० साली हे प्रमाण सुमारे २२ टक्के होते. बायकांमध्ये ५७ टक्के, पुरुषांमध्ये ४२. आकडे लोकांनी स्वतः सांगितलेल्या हालचालींवर आधारलेले आहेत, तेव्हा ते जरा सैल हातानेच धरावेत. पण दिशा स्पष्ट आहे. आयसीएमआरच्या पाहणीने २०२३ साली देशातल्या मधुमेहींचा अंदाज दहा कोटींवर नेला. म्हणजे ज्याला व्यायामाची सर्वाधिक गरज आहे तो पंचविशीतला ‘चेस्ट डे’वाला मुलगा नव्हे. ती पन्नाशीतली, गुडघे दुखणारी, साडीवर स्पोर्ट शूज घालून सकाळी मैदानाला फेऱ्या मारणारी बाई आहे, आणि तिला शिकवू शकेल असा माणूस तिच्या गल्लीत नाही.

संधी इथे आहे. दुपारी अकरा ते चार जिम ओस असते. त्याच वेळेत महिलांची बॅच चालवणाऱ्या छोट्या गावांतल्या बायका मला या उद्योगातल्या सर्वांत हुशार उद्योजक वाटतात. दुसरी दुर्लक्षित बाजू भरतीपूर्व अकादम्यांची. पोलीस भरतीसाठी मुलांना सोळाशे मीटर, मुलींना आठशे मीटर, शिवाय शंभर मीटर आणि गोळाफेक. त्याच्या तयारीवर सातारा-सांगलीपासून मराठवाड्यापर्यंत राहण्याजेवणासह वर्ग चालतात. शेतकरी बाप त्यासाठी कर्ज काढतो. हा फिटनेस उद्योग नाही तर काय? पण कोणत्याही बाजार-अहवालात तो दिसत नाही, कारण तिथे ट्रेडमिल नसते.

सरकारचे धोरण यंत्राकडे झुकलेले. बागांमध्ये सरकारी निधीतून खुल्या व्यायामशाळा बसल्या. त्यांचे फलक अजून चकचकीत असतात, बेअरिंग गंजलेली. २०२५ च्या सप्टेंबरमध्ये जिमच्या सेवेवरचा जीएसटी १८ वरून ५ टक्क्यांवर आला, हे चांगलेच झाले; मात्र भाड्यावर आणि यंत्रांवर भरलेल्या कराची वजावट त्याबरोबर गेली. वर्षाला २० लाखांच्या आत उलाढाल असलेल्या गल्लीतल्या जिमला तर तो कर मुळात लागूच नव्हता.

सप्लिमेंटच्या व्यापारावर या संग्रहात आम्ही मुद्दाम कमी जागा दिली आहे. तो विषय अन्नभेसळीच्या अभ्यासकांनी उचलावा. २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या एका भारतीय अभ्यासात तपासलेल्या ३६ प्रोटीन पावडरींपैकी सुमारे ७० टक्क्यांवरची प्रथिनांची माहिती चुकीची निघाली. डबा विकण्यावर ट्रेनरला कमिशन का घ्यावे लागते, हा त्यातला आमचा भाग. उत्तर पुन्हा त्याच्या पगारापाशी येते.

या क्षेत्रात येणाऱ्यांना अडसर फार नाहीत. शारीरिक शिक्षणाची पदवी असलेल्यांनी थोडे हिशेब शिकावेत, अर्थशास्त्राच्या मंडळींनी एखाद्या जिमच्या कौंटरवर आठवडाभर बसावे. सभासदत्वाच्या नूतनीकरणाची वही मिळाली तर सोडू नये. आणि एक प्रश्न अजून कोणीच हातात घेतलेला दिसत नाही. विशीत कामाला लागलेला ट्रेनर चाळिशीत कुठे जातो? खांदा गेलेला, भविष्य निर्वाह निधी बहुधा नाही, आणि आरशासमोर त्याच्या जागी नवा मुलगा. काही जण स्वतःची जिम काढतात, काही गावी परततात. किती जण काय करतात, हे मोजायला कुणी पुढे आले तर पुढच्या आवृत्तीत त्याच्यासाठी एक प्रकरण राखून ठेवलेले आहे.