वर्ध्याहून नागपूरला: फौजदारी अपिलाच्या कागदांची वाट

१८६२ मध्ये वर्धा जिल्हा नागपूरपासून वेगळा झाला. मुख्यालय आधी पुलगावजवळच्या कवठ्याला होते. १८६६ मध्ये ते पालकवाडीच्या जागी वसवलेल्या वर्धा गावी आले. वरचे न्यायालय मात्र नागपूरलाच राहिले. आधी मध्य प्रांताच्या ज्युडिशियल कमिशनरचे न्यायालय, ९ जानेवारी १९३६ पासून नागपूर उच्च न्यायालय आणि १९५६ च्या राज्य पुनर्रचनेनंतर मुंबई उच्च न्यायालयाचे नागपूर खंडपीठ, अशी त्याची नावे बदलत गेली. मॅजिस्ट्रेटच्या शिक्षेविरुद्धचे अपील साधारणतः वर्ध्याच्या सत्र न्यायालयातच चालते. सत्र न्यायालयाने शिक्षा दिली की कागद नागपूरची वाट धरतात.

अपील म्हणजे मुख्यतः कागदच. साक्षीदार पुन्हा उभे राहतात ते क्वचित. निकालाची प्रमाणित प्रत, जिला कचेरीत सगळे 'नक्कल' म्हणतात, अपील मेमो आणि वकालतनामा एवढ्यावर अपील दाखल होते. उच्च न्यायालयात त्यासाठी ६० दिवसांची मुदत असते. फाशीच्या शिक्षेविरुद्ध ३० दिवसच. नक्कल मिळण्यात गेलेले दिवस मुदतीतून वजा होतात, म्हणून अर्ज केव्हा आला, प्रत केव्हा तयार झाली आणि केव्हा दिली, या तारखा नकलेवरच नोंदलेल्या असतात. वकील निकालाआधी या तारखा वाचतो.

अपील सुनावणीसाठी दाखल करून घेतले की खालच्या कोर्टाचे रेकॉर्ड मागवले जाते: दोषारोप, जबान्या, पंचनामे, वैद्यकीय अहवाल, सारे बस्त्यात बांधून. त्यातून न्यायाधीशांनी वाचायचा कागदांचा संच, म्हणजे पेपर बुक, तयार होतो. वेळ खरा जातो तो इथे. १९९८ पासून राज्यातल्या दुय्यम न्यायालयांची भाषा मराठी आहे, उच्च न्यायालयाचे काम इंग्रजीत चालते. आर्वी किंवा हिंगणघाटच्या साक्षीदाराची मराठी जबानी खंडपीठापुढे येण्याआधी भाषांतराच्या टेबलावर थांबते. तोवर आरोपी तुरुंगात असेल, तर त्या प्रत्येक आठवड्याची किंमत तो मोजतो.

वरच्या न्यायालयापर्यंत पोचण्याचा हक्क केवढा मोलाचा असतो, हे जिल्ह्याने १९४२ मध्ये पाहिले. छोडो भारत आंदोलनात १६ ऑगस्टला जिल्ह्यातल्या आष्टीच्या पोलीस ठाण्यावर मोर्चा गेला. गोळीबार आणि संघर्षात दोन्ही बाजूंची माणसे मेली. आष्टी आणि तेव्हाच्या चांदा जिल्ह्यातले चिमूर, दोन्हीकडच्या खटल्यांत फाशीच्या शिक्षा झाल्या. त्याच वर्षीच्या खास फौजदारी न्यायालयांच्या वटहुकमाने नेहमीचे अपील बंद केले होते; काही मोठ्या शिक्षांपुरती न्यायाधीशाकडून फेरतपासणी, एवढेच शिल्लक होते. जून १९४३ मध्ये फेडरल कोर्टाने या न्यायालयांना दिलेले अधिकार बेकायदा ठरवले. सरकारने लगेच नवा वटहुकूम काढून झालेल्या शिक्षा टिकवल्या, पण अपिलाची वाट त्याला मोकळी करावी लागली. कार्यकर्त्या अनसूयाबाई काळे आणि इतरांनी या शिक्षांविरुद्ध चालवलेल्या मोहिमेनंतर फाशीच्या उरलेल्या शिक्षा १९४५ मध्ये जन्मठेपेत बदलल्या.

कागदांची ही वाट आता संगणकावर येते आहे. ई-फायलिंगचा, म्हणजे प्रकरण ऑनलाइन दाखल करण्याचा, पाया २००० च्या माहिती तंत्रज्ञान कायद्यात आहे. सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २००६ मध्ये ते सुरू केले. जिल्हा न्यायालयांत संगणक आणले ते ई-कोर्ट्स प्रकल्पाने. वकील पोर्टलवर नोंदणी करतो, मजकूर शोधता येईल अशी पीडीएफ तयार करून डिजिटल स्वाक्षरी करतो आणि अपलोड करतो. न्यायालयाच्या कचेरीला, म्हणजे रजिस्ट्रीला, त्रुटी दिसली, तर ती पोर्टलवरच कळते. खटल्याला १६ अक्षर-अंकांचा सीएनआर हा ओळख क्रमांक मिळतो. पूर्वी एका त्रुटीपायी वर्ध्याच्या वकिलाला नागपूरची फेरी पडे किंवा तिथल्या सहकाऱ्यावर विसंबावे लागे. ज्याच्याकडे साधने नाहीत त्याच्यासाठी ई-सेवा केंद्रे आहेत. ३१ ऑक्टोबर २०२० रोजी सरन्यायाधीश शरद बोबडे यांनी नागपुरात उद्घाटन केलेले 'न्याय कौशल' हे देशातले पहिले ई-रिसोर्स सेंटर. तिथून सर्वोच्च न्यायालयापर्यंत कुठेही प्रकरण दाखल करता येते.

कैद्याला तुरुंग अधिकाऱ्याच्या हाती अपील अर्ज देता येतो, ही तरतूद १८९८ च्या फौजदारी संहितेतही होती. आता उलट दिशेचा कागदही वेगाने जातो: ३१ मार्च २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने 'फास्टर' ही प्रणाली सुरू केली आणि जामिनाचे आदेश थेट तुरुंगाकडे इलेक्ट्रॉनिक पद्धतीने जाऊ लागले.

तरीही अपील ऑनलाइन आले आणि रेकॉर्ड बस्त्यातच राहिले, तर काम अर्धेच होते. एप्रिल २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने खालच्या कोर्टाचे रेकॉर्ड गहाळ झाल्यामुळे एका अपिलात शिक्षा रद्द केली आणि फौजदारी रेकॉर्डचे डिजिटायझेशन नीट करण्यास उच्च न्यायालयांना सांगितले. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ५३० ने अपिलाचे कामकाजही इलेक्ट्रॉनिक पद्धतीने चालवण्यास मुभा दिली. जुन्या बस्त्यांतल्या हस्तलिखित जबान्या मात्र पान उलटून स्कॅन कराव्या लागतात, आणि असे अक्षर संगणकाला नीट वाचता येत नसल्याने त्यांचे टंकलेखन व भाषांतर अजून माणसाच्या हातूनच होते.