कोन बोलनार आमच्या वतीनं?

कर्जत सोडलं की खोपोली लोकल पळसदरीला थांबते. पुण्याचे रूळ इथून घाटाकडे वळतात आणि तुमची गाडी सपाटीनेच केळवली, डोलवली, लौजी करत खोपोलीला जाणार असते. आज तिला जाऊ द्या. तुम्ही इथेच उतरा. मोबाइल बंद करा, घड्याळही काढून ठेवा. ज्या सालात जायचंय तिथे दिवस मुकादमाच्या आरोळीने सुरू होतो आणि त्याच्याच मर्जीने संपतो.

जानेवारी १८५९. थंडी आहे, पण डोंगराला लागलेली माणसं उघडीच काम करताहेत. मुंबईहून आलेली गाडी खोपोलीपर्यंतच येते, १८५६ पासून. खंडाळ्याहून पुण्याकडे दुसरी गाडी आहे. मधला भोर घाट उतारूंनी पालखीत, तट्टावर नाहीतर पायी चढायचा. तो मधला तुकडा जोडायला हजारो माणसं कड्याला चिकटली आहेत. मान वर करून बघा. कमरेला दोरखंड बांधलेला एकजण कड्यावरून खाली सोडलाय. एका हाताने तो दगडाला धरून राहतो, दुसऱ्या हाताने सुरुंगाचं भोक पाडतो. दारू ठासून झाली की वरून त्याला ओढून घ्यायचं. ओढणाऱ्यांचा हात जितका चपळ, तितकं त्याचं आयुष्य.

तुमच्या डोक्यावर पाटी येते. तुमच्या पुढे एक बाई आहे, तिच्या पाटीत तुमच्याइतकेच दगड आहेत आणि पाठीला पोर आहे. दुपारी सावलीला टेकल्यावर एकच विषय निघतो: पैसे. रोज ठरला एक, हातात येतो दुसरा, आणि तोही कधी येईल याचा भरवसा नाही. गोऱ्या ठेकेदाराने काम पोटठेकेदाराला दिलं, त्याने मुकादमाला, मुकादमाने तुम्हाला. वरून निघालेला रुपया खाली पोचेपर्यंत झिजतो.

आणि एक दिवस माणसं पाट्या खाली टाकतात. कुणी पत्रक काढलं नाही, सभा घेतली नाही, मागण्यांची यादीही नाही. जमाव गोऱ्या देखरेखवाल्यांच्या अंगावर जातो, लाठ्या चालतात, दगड चालतात. त्यात एक युरोपियन जिवानिशी जातो. तुम्हाला वाटेल, हा दंगा झाला, ही काही चळवळ नव्हे. सरकारलाही तसंच वाटलं. पण चौकशी झाली तेव्हा थकलेल्या मजुरीचं दुखणं बाहेर आलंच.

पुढचं थोडक्यात बघा, कारण पुस्तकांत ते बरंच आहे. फॅविएल नावाच्या ठेकेदाराने काम सोडलं. सॉलोमन ट्रेडवेल आला आणि येताच आजाराने गेला. त्याच्या बायकोने, अ‍ॅलिस ट्रेडवेलने, ठेका निभावला. १८६१ च्या सुरुवातीला घाटात बेचाळीस हजार माणसं राबत होती. पटकीने आणि तापाने किती गेली त्याचा नेमका हिशेब कुणी ठेवला नाही. २१ एप्रिल १८६३ ला गव्हर्नर बार्टल फ्रिअर यांनी मार्ग खुला केला. अ‍ॅलिसबाईंचं कौतुक मलाही आहे, पण त्या कड्यावर लोंबकळणाऱ्याचं नाव मला हवं होतं.

त्याच्या वाट्याला नाव आलं नाही, कायदा मात्र आला. मुंबई इलाख्यातल्या रेल्वेठेकेदारांच्या आणि मजुरांच्या अशाच झटापटींच्या पाठोपाठ, १८६० साली, मालक आणि कामगार यांच्या तंट्यांचा कायदा झाला. रेल्वे, कालवे अशा कामांवरचे मजुरीचे तंटे मॅजिस्ट्रेटने झटपट तोडावेत, हा त्याचा चांगला भाग. वाईट भाग असा की कबूल केलेलं काम अर्ध्यावर टाकणं हा मजुराचा फौजदारी गुन्हा ठरला. मालकाने करार मोडला तर पैशांचा दावा, मजुराने मोडला तर तुरुंग. या देशात कामगारांचे तंटे सोडवायला सरकारने केलेला पहिला कायदा तो हाच, आणि त्याचं एक मूळ तुम्ही उभे आहात त्या खडकात आहे. याला विसरू नका, हा फार चिवट निघणार आहे.

आता मोठी उडी घ्या, पण वाटेत परळच्या बाजूला एकदा नजर टाका. १८८४ साली नारायण मेघाजी लोखंडे गिरणी कामगारांची सभा घेताहेत, साडेपाच हजार सह्यांचा अर्ज करताहेत. त्यांच्या बॉम्बे मिल हँड्स असोसिएशनला वर्गणी नाही, सभासदांची वही नाही, घटना नाही. तरी १० जून १८९० ला गिरणीमालकांनी रविवारची सुटी मान्य केली.

खोपोलीत १९१५ ला क्षणभर थांबा. वळवण, लोणावळा, शिरवट्याच्या तलावांचं पाणी सतराशे फुटांवरून नळांतून खाली येतं आणि टाटांच्या वीजघरातली चाकं फिरवून पाताळगंगेला मिळतं. ८ फेब्रुवारीला गव्हर्नर विलिंग्डन यांनी कळ दाबली आणि खालापूर तालुक्यातून निघालेली वीज परळच्या गिरण्यांत गेली. मावळातलं पाणी, कोकणातली माणसं, मुंबईतले माग. आणखी सहा वर्षांनी टाटांच्याच मुळशीच्या धरणासाठी जमिनी जाणाऱ्या मावळ्यांना घेऊन सेनापती बापट सत्याग्रहाला बसतील. ती गोष्ट वेगळी, आणि माझ्या मते तिच्याकडे कामगार चळवळीने तेव्हा पुरेसं बघितलं नाही.

रविवार, ३१ ऑक्टोबर १९२०. कर्जत स्टेशन, सकाळ. रानात भात कापणीला आलंय, दिवाळी दीड आठवड्यावर आहे. यार्डात दोन इंजिनं वाफ धरून उभी आहेत. घाट चढणाऱ्या गाड्यांना मागून जोर द्यायला लागतात ती. तिसऱ्या वर्गाच्या डब्यात तुमच्या समोर एक फायरमन बसतो. रात्रपाळी संपवून आलाय. भुवया जळालेल्या आहेत आणि तळहाताच्या रेषांत कोळसा कायमचा बसलाय. मंत्र तोंडात घोळवावा तशी ठाकूरवाडी, नागनाथ, मंकी हिल ही नावं तो घेतो. घाटात एके ठिकाणी गाडीचं तोंडच उलटं फिरवावं लागतं, इंजिन या टोकाचं त्या टोकाला लावायचं, ते सगळं तो हाताने हवेत काढून दाखवतो.

“पाव्हणं, मुंबईला कंच्या कामाला?”

तुम्ही सांगता, कामगारांची मोठी सभा आहे, सगळ्या हिंदुस्थानातल्या संघटनांची.

“आमची पन हाय का त्यात?”

रेल्वेच्या माणसांच्या संघटना आहेत, असं तुम्ही म्हणता. तो बराच वेळ खिडकीबाहेर बघतो. नेरळ जातं, बदलापूर जातं. मग विचारतो, “तितं इंग्रजीत बोलतील ना? मंग कोन बोलनार आमच्या वतीनं?”

उत्तर तुमच्याकडे आहे, पण ते विलायतेहून सुरू होतं. महायुद्ध संपलं, १९१९ साली व्हर्सायचा तह झाला आणि त्यात आंतरराष्ट्रीय कामगार संघटना स्थापायचं ठरलं. तिच्या परिषदेला प्रत्येक देशाने सरकारच्या प्रतिनिधींबरोबर मालकांचा एक आणि कामगारांचा एक माणूस पाठवायचा. कामगारांचा माणूस निवडताना देशातल्या सगळ्यात प्रातिनिधिक संघटनेशी सल्लामसलत करायची. हिंदुस्थानात अशी संघटनाच नव्हती. मग सरकारने आपल्याच मनाने नाव घातलं: नारायण मल्हार जोशी. १९१९ च्या हिवाळ्यात ते वॉशिंग्टनला जाऊन आले.

हे जोशी म्हणजे कर्जतच्याच जिल्ह्यातले. माणगाव तालुक्यातलं गोरेगाव त्यांचं, जन्म १८७९ चा, आणि तेव्हा जिल्ह्याचं नाव कुलाबा. गोखल्यांच्या भारत सेवक समाजाचे सभासद. १९११ साली मुंबईत सोशल सर्व्हिस लीग काढून चाळींतून वाचनालयं, रात्रशाळा, दवाखाने चालवणारे. आवाज चढवून बोलणं त्यांना ठाऊक नव्हतं. सरकारने माणूस वाईट निवडला असं कुणी म्हणू शकत नव्हतं. पण कामगारांना न विचारता निवडला, हे सगळेच म्हणू शकत होते. आपला माणूस आपण पाठवायचा असेल तर आधी ‘आपण’ कोण ते कागदावर दिसलं पाहिजे, ही निकड आजच्या सभेमागे होती.

भायखळा गेलं, बोरीबंदर आलं. स्टेशनातून बाहेर पडून चार पावलं टाकलीत की एम्पायर थिएटर. एरवी नाटकं आणि चित्रपट दाखवणाऱ्या त्या सभागृहात आज ऑल इंडिया ट्रेड युनियन काँग्रेसचं पहिलं अधिवेशन आहे. सोबतच्या फायरमनला आत घ्या, कुणी अडवलं तर रेल्वेचा माणूस आहे म्हणा.

व्यासपीठावर अध्यक्ष लाला लजपतराय. अमेरिकेतली सक्तीची वर्षं काढून याच फेब्रुवारीत परतलेले, आणि गेल्या महिन्यात कलकत्त्याला राष्ट्रसभेच्या खास अधिवेशनाचेही अध्यक्ष झालेले. स्वागताध्यक्ष माझगावचे जोसेफ बॅप्टिस्टा, सगळ्यांचे काका. टिळकांना जाऊन तीनच महिने झालेत. १९०८ साली त्यांना शिक्षा झाली तेव्हा मुंबईच्या गिरण्या सहा दिवस बंद होत्या, हे सभागृहातल्या पुष्कळांनी डोळ्यांनी पाहिलंय. सरचिटणीस दिवाण चमनलाल. पाहुण्यांत मोतीलाल नेहरू, बेझंटबाई, जीना, विठ्ठलभाई पटेल, आणि ब्रिटिश ट्रेड युनियन काँग्रेसकडून आलेले कर्नल वेजवुड. चौसष्ट संघटना सामील झाल्याचं आणि त्यांची सभासदसंख्या १,४०,८५४ असल्याचं नोंदवलंय.

फायरमन बाकाच्या कडेला बसून मंचावरच्या कोटांकडे बघतोय. अध्यक्ष इंग्रजीत बोलताहेत. भांडवलशाही आणि साम्राज्यशाही एकाच घरातल्या आहेत, असा त्यांचा रोख. तुम्ही त्याच्या कानात मराठीत सांगत राहता. थोड्या वेळाने तो म्हणतो, “बॅरिस्टरच दिसत्यात समदे.”

खरंच आहे. आणि त्याहून विचित्र गोष्ट पुढे आहे. याच शहरात १९१९ च्या जानेवारीत लाखाहून जास्त गिरणी कामगार संपावर गेले, १९२० च्या जानेवारीत पुन्हा गेले, कामाचे तास कमी मागितले. पण त्यांची स्वतःची टिकाऊ युनियन आज या सभागृहात नाही. ती यायला अजून वर्षं आहेत: जोशींची टेक्स्टाइल लेबर युनियन १९२६ ला, गिरणी कामगार युनियन १९२८ ला. गांधींच्या मार्गाने चाललेला अहमदाबादचा मजूर महाजन तर या महासंघात कधीच आला नाही. म्हणजे शिखर आधी बांधलं आणि पाया मागून घातला. हे हसण्यासारखं नाही. खालची माणसं भोर घाटापासून संप करतच होती, त्यांना कमी होती ती वर बोलायला मान्यता असलेल्या तोंडाची. ते तोंड बॅरिस्टरांचं निघालं, कारण त्या काळी सरकार ऐकायचं ते इंग्रजी.

त्या तोंडाचा उपयोग मात्र झाला. त्याच सुमारास मद्रासमध्ये बी. पी. वाडियांच्या लेबर युनियनवर गिरणी कंपनीने हायकोर्टातून मनाई आणली होती. संघटना करणं हाच गुन्हा ठरणार असेल तर महासंघ काय करणार? १९२१ साली जोशींनी मध्यवर्ती कायदेमंडळात ठराव आणला की युनियनांची नोंदणी व्हावी आणि त्यांना संरक्षण मिळावं. सरकार कबूल झालं, आणि मग पाच वर्षं घालवली. ट्रेड युनियन कायदा झाला १९२६ साली. जोशी तोवर महासंघाचे सरचिटणीस झाले होते. कामगारांना न विचारता निवडलेला माणूस कामगारांनीच ठेवून घेतला.

फायरमनला आता १९२९ च्या अखेरीस भेटा, कारण त्याचं उत्तर अजून पुरं झालेलं नाही. नागपूरच्या अधिवेशनात अध्यक्ष जवाहरलाल नेहरू आहेत आणि प्रश्न व्हिटली आयोगाचा आहे. सरकारने कामगारांची स्थिती तपासायला नेमलेल्या या आयोगात जोशी आणि चमनलाल सभासद आहेत. बहुमताने बहिष्काराचा ठराव होतो. जोशी आणि त्यांच्या विचाराचे लोक बाहेर पडून वेगळा महासंघ काढतात. म्हणजे १९२० ला मिळालेलं एक तोंड नवव्या वर्षी दुभंगलं.

दोनच महिन्यांनी, फेब्रुवारी १९३० मध्ये, या घाटातून गाड्या चालवणाऱ्या जी. आय. पी. रेल्वेचे कामगार संपावर गेले. घाटात तोवर विजेची इंजिनं आली होती. त्यांना कोळसा लागत नाही, आणि कोळसा लागत नसेल तर फायरमनही लागत नाही. संप फसला. कर्जतच्या त्या माणसाने तुम्हाला आता काय विचारलं असतं ते मी सांगत नाही, तुम्ही त्याच्याबरोबर प्रवास केलाय.

बहिष्कारवाल्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. सरकारने नेमलेल्या आयोगाकडून सरकार उलथवणारं काही निघणार नव्हतं. तरी त्या आयोगाच्या टेबलावर एक जुना कागद आला आणि टेबलाशी गोरेगावचे जोशी बसलेले होते. अहवाल १९३१ ला आला. काम अर्ध्यावर टाकणाऱ्या मजुराला तुरुंग दाखवणारा १८६० चा कायदा पुढच्याच वर्षी, १९३२ ला, रद्द झाला.