शिरूर-भीमथडी भागांतील जबान्या व त्यांमागील कारकून

१. इतिहासाच्या साधनांत महजर, करीने व निवाडपत्रें यांस जें मानाचें स्थान मिळालें, तें इंग्रजी अमदानींतील दिवाणी दाव्यांच्या कागदांस मिळालेलें नाहीं. हे कागद अलीकडचे, एकाच सांच्याचे व नीरस, असा संग्राहकांचा सर्वसाधारण समज दिसतो. आमचें मत निराळें आहे. शिरूर व पूर्वीचा भीमथडी (ज्यांत आजच्या दौंड तालुक्याचा पुष्कळसा भाग मोडत असे) एवढ्या दोन तालुक्यांपुरतें पाहिलें, तरी कुणब्याच्या तोंडचें बोलणें जबानीइतकें जवळून दुसऱ्या साधनांत क्वचितच ऐकूं येईल. मात्र जबानी कोणी दिली, याबरोबरच ती कोणाच्या हातभारानें घडली, हाही प्रश्न विचारला पाहिजे. प्रस्तुत लेखांत तोच घेतला आहे.

२. पेशवाईंत वादी व प्रतिवादी गोतासमोर अगर सरकारांत बहुधा स्वतःच उभे राहत. पक्षकाराची बाजू मांडण्याचाच धंदा करणारा वर्ग त्या काळच्या न्यायसभेंत नव्हता. ‘वकील’ हा शब्द मुख्यत्वें दरबारांतील प्रतिनिधीस लावीत. उभय पक्षांकडून राजीनामे व जामीन घ्यावे, मग तकरिरा लिहून घ्याव्या, साक्षी शपथपूर्वक घ्याव्या, सारांश काढून निवाडपत्र करावें, आणि जिंकणाराकडून हरकी व हरणाराकडून गुन्हेगारी घ्यावी, असा क्रम असे. या सर्व लिहिण्याचा भार सरकारी कारकुनावर व गांवीं कुळकर्ण्यावर पडे. या संबंधांत ‘पुरसीस’ हा शब्द ध्यानांत घेण्याजोगा आहे. फारसींत त्याचा अर्थ विचारपूस. जुन्या कागदांत तो तपासणीच्या सवालजबाबांस लावलेला आढळतो. आजच्या कोर्टांत मात्र पक्षकारानें दिलेल्या छोट्याशा लेखी निवेदनास पुरसीस म्हणतात. म्हणजे ज्या शब्दाच्या पोटांतच प्रश्न होता, त्यांतून प्रश्न नाहींसा झाला. जबानीचीही पुढें हीच गत झाली.

३. सन १८५९ च्या दिवाणी कामकाजाच्या कायद्यानें असें ठरविलें कीं, साक्ष कोर्टाच्या चालू भाषेंत, सामान्यतः सवालजबाबांच्या रूपानें नव्हे तर सलग कथनाच्या रूपानें लिहावी, व ती साक्षीदारास वाचून दाखवावी. १८८२ व १९०८ च्या कायद्यांनीं हीच रीत कायम ठेविली. परिणाम असा कीं, कागदावर उत्तर उरतें, प्रश्न उरत नाहीं. ‘खतावरील निशाणी माझी आहे. खत मला वाचून दाखविलें नव्हतें,’ अशीं दोन वाक्यें ओळीनें आलीं, तर पहिलें सरतपासांतलें कीं उलटतपासांतलें, आणि दुसरें आपण होऊन सांगितलें कीं विचारल्यावरून, हें एकट्या मजकुरावरून नेहमींच कळत नाहीं.

हे प्रश्न वकिलाच्या हातीं तयार करून देण्यांत त्याच्या कारकुनाचा वांटा मोठा असे. सावकाराच्या कीर्द-खतावणीची खताशीं रुजवात घालणें, मोडी खतांच्या बाळबोध नकला करणें, दाखल कागदांची यादी व त्यांवरील निशाणीचे अंक जुळवून ठेवणें, साक्षीदारांचीं समन्सें व भत्ता यांची व्यवस्था पाहणें, आणि ऐन तपासांत साक्षीदार पूर्वीच्या कैफियतीहून निराळें बोलूं लागला कीं नेमका कागद वकिलापुढें सरकविणें, हें सर्व काम त्याचें. खत लिहिणारा खताच्या अखेरीस ‘बकलम’ म्हणून आपलें नांव घालीत असे. जबानीच्या मागें राबणाऱ्या या कारकुनाचें नांव मात्र जबानींत येत नाहीं.

४. या कामाचें महत्त्व या प्रांतास कां विशेष, हें १८७५ च्या दंग्यांवरून समजतें. शिरूर तालुक्यांतील करडे येथें १८७४ च्या अखेरीस एका सावकारानें हुकूमनाम्याच्या जोरावर गांवच्या वजनदार देशमुखाचें घर पाडलें, व गांवानें सावकारावर बहिष्कार घातला. पुढें १२ मे १८७५ रोजीं भीमथडी तालुक्यांतील सुपें (हल्लीं बारामती तालुक्यांत) येथें दंगा उसळला व तेथून तो पसरला. दंगेखोरांचा रोख सावकारांच्या जिवावर नसून मुख्यतः खतें, हुकूमनामे व वह्या यांवर होता. कागद हवालीं केले तेथें बहुधा इजा झाली नाहीं. कुणब्यास तो कागद वाचतां येत नव्हता, आणि कोर्टांत कागदाविरुद्ध त्याच्या तोंडास किंमत नव्हती. जें तोंडानें खोडतां येईना, तें त्यानें आगीनें खोडलें. त्यानंतर नेमलेल्या कमिशननें रयत, सावकार व प्रत्यक्षदर्शी यांचीं निवेदनें घेतलीं. त्याचा अहवाल १८७८ त पार्लमेंटपुढें ठेवण्यांत आला.

५. कमिशनच्या मागून सन १८७९ चा १७ वा कायदा, म्हणजे डेक्कन ॲग्रिकल्चरिस्ट्स रिलीफ ॲक्ट, झाला. तो पुणें, सातारा, सोलापूर व अहमदनगर या चार जिल्ह्यांसाठीं होता. कोर्टानें खतावर न थांबतां देवघेवीच्या आरंभापासूनचा इतिहास पाहावा, प्रतिवादीस साक्षीदार म्हणून तपासावें व न तपासल्यास कारण लिहून ठेवावें, आणि शेतकऱ्याचें खत गांवरजिस्ट्रारच्या देखरेखीखालीं लिहिलें जावें, अशीं कलमें त्यांत होतीं. खतास दिलेली बळकटी काढून ती जबानीस देण्याचाच हा यत्न होता, असें आम्ही समजतों.

परंतु याच कायद्यानें शंभर रुपयांपर्यंतच्या दाव्यांत वकिलांस सामान्यतः मज्जाव केला. सबळ कारण दाखविल्यास पक्षकाराचा नातलग, नोकर किंवा आश्रित, जो कधीं वकील नव्हता, त्यास उभें राहण्याची परवानगी मिळूं शके. हेतु चांगला होता. पण तोल सारखा राहिला काय? सावकारापाशीं नोकर म्हणजे हिशेबांत मुरलेला गुमास्ता. कुणब्यापाशीं नातलग म्हणजे त्याच्याचसारखा निरक्षर भाऊबंद. वकील दूर झाला, तरी तयारी करून देणारा मनुष्य एका पक्षाकडे राहिला व दुसऱ्याकडे नव्हता. कायदा करणारांसही हें वैगुण्य थोडेंबहुत जाणवलें असावें; कारण मोठ्या दाव्यांत समोरच्याचा वकील असून शेतकऱ्याचा नसेल, तर सरकारी वकिलास अगर दुसऱ्या योग्य इसमास त्याच्या वतीनें उभें करण्याचा अधिकार कोर्टास दिलेला आहे.

६. हा विषय केवळ जुना नव्हे. अमेरिकेंत साक्षीदाराची जबानी खटल्यापूर्वीं कोर्टाबाहेर घेतात, आणि कागद लावणें, निशाण्या जुळविणें व टिपणें घेणें हें काम ‘पॅरालीगल’ नांवाचा शिकलेला मदतनीस करतो. आपल्याकडे १ जुलै २००२ पासून अमलांत आलेल्या दुरुस्तीनें दिवाणी दाव्यांतील सरतपास प्रतिज्ञापत्रावर होऊं लागला, म्हणजे जबानीचा पहिला अर्धा भाग वकिलाच्या कचेरींतच तयार होतो. उलटतपास कोर्टानें नेमलेल्या कमिशनरापुढेंही होऊं शकतो. पूर्वीं कारकुनाचा हात प्रश्नांत होता, आतां तो उत्तरांतही आला. शिवाय राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणानें २००९ त विधी स्वयंसेवकांची योजना काढली. अडाणी पक्षकारास कागदाची वाट दाखविणारा मनुष्य हवा, ही १८७९ त राहिलेली उणीव तींत उशिरां कां होईना मान्य झाली.

७. संग्राहकांस आमची विनंति एवढीच कीं, शिरूर, घोडनदी, दौंड, पाटस या बाजूस जुन्या वकिलांच्या घरचीं दप्तरें हातीं आल्यास त्यांतील खतें व हुकूमनामे तेवढे निवडून बाकीचे रद्दींत घालूं नयेत. कागदांच्या याद्या, तारखांच्या वह्या, हिशेबांचे उतारे, आणि पाठकोऱ्या कागदांवर मोडींत खरडलेलीं प्रश्नांचीं टिपणें हीं एकाच बस्त्यांत, मूळच्या क्रमानें राखावीं. कोर्टाच्या दप्तरांत उत्तरें सुरक्षित आहेत; प्रश्न सांपडलेच, तर या टिपणांत सांपडतील. आणि प्रश्न कळल्यावांचून ‘मला ठाऊक नाहीं’ या कुणब्याच्या उत्तरांत अज्ञान किती, भय किती व शहाणपण किती, हें इतिहासकारास सांगतां येणार नाहीं.