‘चंद्रकांते’चे तिलिस्म आणि दूरदर्शन

देवकीनंदन खत्री यांची ‘चंद्रकांता’ ही हिंदी कादंबरी १८८८ मध्ये प्रसिद्ध झाली. तिची ‘संतति’ पुढे २४ भागांत निघाली. आपल्याकडे हळबे यांची ‘मुक्तामाला’ १८६१ मधील, तेव्हा अद्भुताची गोडी मराठी वाचकास नवी नव्हे. परंतु खत्रींचे अद्भुत जातीनेच निराळे. चुनारच्या तिलिस्मातील माणसे गिळणारा बगळा प्रथम वाचकाला भिववितो. तो कळसूत्री आहे, हा उलगडा ग्रंथकार मागाहून करतो. ऐयारांपाशीही मंत्रसिद्धी नसते. असते ते वेषांतर, बेशुद्धीचे चूर्ण आणि तल्लख बुद्धी.

१९९४ मध्ये नीरजा गुलेरी यांनी ही कथा दूरदर्शनवर आणली, तेव्हा नेमका हा उलगडाच गळाला. यंत्राच्या जागी जादू आली. अखिलेंद्र मिश्र यांचा क्रूरसिंह घरोघरी पोचला, हे मात्र मान्य केलेच पाहिजे. दर आठवड्यास प्रेक्षक धरून ठेवण्याची निकड होती, असे समर्थन कोणी करील. पण भागाभागांनी ‘संतति’ लिहिणाऱ्या खत्रींपुढेही तीच निकड होती. ते कोडे घालीत, आणि उत्तर पुढील भागासाठी राखून ठेवीत.