ल्युपस, मेंदूच्या अरुंद रक्तवाहिन्या आणि पक्षाघाताचा धोका

पक्षाघात म्हणजे म्हातारपणीचा आजार, अशी आपल्याकडे समजूत आहे. त्यामुळे तिशीतल्या बाईचा हात दहा मिनिटे लुळा पडून पुन्हा पूर्ववत झाला, की घरचे ‘अशक्तपणा असेल’ म्हणून सोडून देतात. तिला ल्युपस असेल तर ही चूक महागात पडू शकते. असा आपोआप बरा झालेला झटका ही मोठ्या पक्षाघाताची पूर्वसूचना असते आणि त्याच दिवशी रुग्णालय गाठायला हवे.

ल्युपसमध्ये रोगप्रतिकारक शक्ती स्वतःच्याच शरीरावर हल्ला करते. वर्षानुवर्षे दाह राहिल्याने रक्तवाहिन्यांत चरबीचे थर वेळेआधी साचतात. क्वचित मेंदूतील रक्तवाहिनीच्या भिंतीलाच सूज येते. दोन्हींमुळे वाहिनी अरुंद होते. शिवाय काही रुग्णांच्या रक्तात अँटिफॉस्फोलिपिड अँटिबॉडी असतात आणि त्यांच्यामुळे रक्ताच्या गुठळ्या सहज होतात. ही तपासणी पॉझिटिव्ह आली तर किमान 12 आठवड्यांनी पुन्हा करतात, कारण साध्या संसर्गानंतरही ती तात्पुरती पॉझिटिव्ह येऊ शकते. वाहिन्या किती अरुंद आहेत हे एमआर अँजिओग्राफीत दिसते.

उपचार कारणानुसार बदलतात, म्हणून शेजारच्या रुग्णाची चिठ्ठी उपयोगाची नाही. चरबीसाठी अ‍ॅस्पिरिन, स्टॅटिन आणि रक्तदाबावर नियंत्रण. सुजेसाठी स्टिरॉइड व प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे. अँटिबॉडीमुळे गुठळी झाली असेल तर बहुधा वॉरफरिन, आयएनआर साधारण 2 ते 3 राखून. ‘सारखी रक्ततपासणी नको, नवीन गोळी द्या’ असे अनेकजण म्हणतात. पण तिन्ही प्रकारच्या अँटिबॉडी पॉझिटिव्ह असलेल्यांसाठी त्या नवीन गोळ्या योग्य नाहीत.

बरे वाटते म्हणून स्टिरॉइड अचानक थांबवू नका. निर्जळी उपवास टाळा. पाणी कमी पडून रक्तदाब उतरला की अरुंद वाहिनीतून मेंदूला रक्त अपुरे पोहोचते. गर्भनिरोधक किंवा सणासाठी पाळी पुढे ढकलण्याच्या गोळ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नका. तंबाखू बंद, आणि त्यात मिश्रीही आली.

तोंड वाकडे होणे, हात-पाय लुळा पडणे, बोलणे अडखळणे किंवा अचानक दिसेनासे होणे, यांपैकी काहीही झाले तर लगेच 108 ला फोन करा. गुठळी विरघळवणारे इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येते, म्हणून रुग्ण शेवटचा ठीक कधी होता ती वेळ लक्षात ठेवा. घरी अ‍ॅस्पिरिन देऊ नका. रक्तस्राव नाही ना, हे आधी सीटी स्कॅनमध्ये पाहावे लागते. औषधांची यादी आणि शेवटचा आयएनआर रिपोर्ट सोबत न्या.